ॲडमिट झाल्यावर शुगर कोण बघतं? रुग्णालयातल्या मधुमेही पेशंटच्या घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

मी पुण्यातल्या एका रुग्णालयात डायबेटिस एज्युकेटर आहे. माझा बराचसा दिवस वॉर्डात, पेशंटच्या उशाशी जातो. पण मनातले प्रश्न लोक तिथे विचारत नाहीत. ते विचारतात लिफ्टसमोर, औषधांच्या काउंटरच्या रांगेत, नाहीतर रात्री डबा घेऊन आलेला मुलगा जिन्यात गाठून म्हणतो, "मॅडम, एक मिनिट." त्या एका मिनिटात पुरं सांगून होत नाही, म्हणून हे एकदा लिहून काढलंय. औषधाचा डोस इथे सापडणार नाही, तो तुमच्या पेशंटला बघणारे डॉक्टरच ठरवतील. काय विचारायचं, केव्हा आणि का, ते मात्र सांगते.

बाबांना मांडीचं हाड मोडलं म्हणून ॲडमिट केलंय, शुगरसाठी नाही. मग मधुमेहाची टीम कशाला?

रुग्णालयातले बहुतेक मधुमेही शुगरसाठी आलेलेच नसतात. कुणाचं हाड मोडलेलं असतं, कुणाला न्यूमोनिया झालेला असतो, कुणाची अँजिओप्लास्टी ठरलेली असते. इंग्लंडमध्ये रुग्णालयांची पाहणी झाली तेव्हा साधारण दर सहा खाटांमागे एका खाटेवर मधुमेही पेशंट निघाला. आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या), २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर गेलेली दिसली, म्हणजे ११.४ टक्के प्रौढ माणसं. तेव्हा ऑर्थोचा वॉर्ड असो की डोळ्यांचा, मधुमेही पेशंट तिथे असणारच.

आता हाड मोडल्यावर शरीरात काय होतं बघा. दुखणं, भीती, ताप, जंतुसंसर्ग यांनी कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनालिन वाढतं, आणि ही दोन्ही संप्रेरकं शुगर वर ढकलतात. दुसरीकडे भूक मेलेली, ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेलं, कधी सलाईनमधून ग्लुकोज चाललेलं. घरी वीस वर्षं बसलेली घडी इथे पहिल्याच रात्री विस्कटते. शुगर वर राहिली तर जखम चिघळते आणि भरायला वेळ लागतो. फार खाली गेली तर बोलता बोलता माणूस बेशुद्ध पडू शकतो. हाडाचे डॉक्टर हाड उत्तम जोडतात. पण शुगरचे आकडे तक्त्यावर नुसते लिहिले जातायत आणि त्यांच्याकडे बघून औषध कुणीच बदलत नाही, असं मी पुष्कळदा पाहिलंय. यात दर वेळी कुणाचा हलगर्जीपणा असतो असं नाही. हे काम नक्की कुणाचं, तेच ठरलेलं नसतं.

या टीममध्ये असतं कोण कोण?

मधुमेहतज्ज्ञ किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्ट म्हणजे संप्रेरकांचे डॉक्टर, डायबेटिस एज्युकेटर, आहारतज्ज्ञ, वॉर्डातल्या सिस्टर आणि जिथे असेल तिथे पायांची तपासणी करणारी व्यक्ती. मोठ्या रुग्णालयात क्लिनिकल फार्मासिस्टही औषधांचा मेळ घालतो. ब्रिटनमध्ये वॉर्डावॉर्डातून फिरणारी, फक्त मधुमेह बघणारी स्पेशालिस्ट नर्स असते. तिथल्या मधुमेहाच्या संघटनांनी २००८ मध्ये एकत्र येऊन रुग्णालयात दाखल पेशंटसाठी स्वतंत्र गट केला आणि शुगर लो होण्यापासून ऑपरेशनपर्यंत प्रत्येक प्रसंगाच्या मार्गदर्शक सूचना लिहिल्या. आपल्याकडे ती जागा बऱ्याचदा एज्युकेटर भरून काढते.

माझ्या मते या टीममधला सगळ्यात महत्त्वाचा माणूस म्हणजे रात्रपाळीची सिस्टर. आम्ही संध्याकाळी घरी जातो आणि पहाटे तीनला घामाने भिजलेला पेशंट तिला दिसतो.

आमच्या पेशंटची शुगर कोण बघतंय, हे कळणार कसं?

सरळ विचारा, तेही पहिल्याच दिवशी. राउंडला डॉक्टर आले की म्हणा, "डॉक्टर, यांची शुगर कोण बघणार आहे? त्यांचं नाव सांगाल का?" एक नाव मिळालं पाहिजे. "सगळेच बघतात" असं उत्तर आलं तर नम्रपणे पुन्हा विचारा.

एका विभागाच्या डॉक्टरांनी दुसऱ्या विभागाच्या डॉक्टरांना पेशंट बघायला बोलावणं, याला रुग्णालयात "रेफरन्स टाकणं" म्हणतात. मधुमेहाचा रेफरन्स टाका, असं घरच्यांनी म्हणण्यात काहीच गैर नाही. बरेच जण संकोचतात, डॉक्टरांना राग येईल म्हणून गप्प राहतात. चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही. पेशंट इन्सुलिनवर असेल, शुगर दोनदा १८० च्या वर गेली असेल किंवा एकदाही ७० च्या खाली आली असेल, टाइप १ (शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवत नाही तो मधुमेह) असेल, स्टेरॉइड सुरू असेल किंवा पायाला जखम असेल, तर रेफरन्स मागाच.

ॲडमिट होताना सोबत काय न्यायचं?

गोळ्यांच्या पट्ट्या, रिकाम्या असल्या तरी. "सकाळची ती छोटी पांढरी गोळी" यावरून कुणालाच काही कळत नाही, निम्म्या गोळ्या छोट्या आणि पांढऱ्याच असतात. शिवाय आधीचे रिपोर्ट, घरचं ग्लुकोमीटर, आणि इन्सुलिन चालू असेल तर ते पेन किंवा बाटली आणि सिरिंजसुद्धा.

सिरिंजबद्दल जरा थांबून सांगते, कारण इथली चूक जिवावर बेतते. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या मुख्यतः ४० च्या असतात, म्हणजे एका मिलीलीटरमध्ये ४० युनिट. पेनमधल्या कार्ट्रिजमध्ये मात्र मिलीलीटरला १०० युनिट असतात. सिरिंजही दोन प्रकारच्या, लाल टोपणाची ४० साठी आणि केशरी टोपणाची १०० साठी. मागे एका काकूंचं पेन बिघडलं. काका बँकेतून निवृत्त झालेले, हिशोबाला पक्के. त्यांनी कार्ट्रिजमधलं इन्सुलिन घरातल्या लाल टोपणाच्या सिरिंजने ओढलं, अगदी २० च्या रेघेवर. त्या रेघेपर्यंत अर्धा मिलीलीटर येतं आणि १०० च्या इन्सुलिनचा अर्धा मिलीलीटर म्हणजे ५० युनिट. वीसच्या जागी पन्नास. काकू वाचल्या, कारण सून घरात होती आणि त्यांनी ताबडतोब रुग्णालय गाठलं. म्हणून ॲडमिट होताना "२० युनिट घेतो" एवढं पुरत नाही. कुठलं इन्सुलिन, बाटली की पेन, ४० चं की १०० चं, सकाळी किती, रात्री किती आणि शेवटचं कधी घेतलं, सगळं सांगा. जमलं तर पेन, बाटली, सिरिंज यांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

घरी गोळ्यांवर छान चाललं होतं, इथे एकदम इन्सुलिन सुरू केलं. आता हे कायमचं मागे लागणार का?

हा प्रश्न मला रोज येतो आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर भीती असते. इन्सुलिन म्हणजे शेवटची पायरी, असं घराघरात पक्कं बसलंय.

रुग्णालयात इन्सुलिन देतात कारण ते परिस्थितीप्रमाणे कमी-जास्त करता येतं. गोळी एकदा गिळली की दिवसभर तिचं काम करत राहणार, पेशंट जेवो न जेवो. त्यातही ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या पोटात अन्न नसताना शुगर खाली खेचतात. मूत्रपिंड नीट चालत नसेल, शरीरात पाणी कमी असेल किंवा जंतुसंसर्ग मोठा असेल, तर मेटफॉर्मिनही थांबवावं लागतं. आजार ओसरला की पुष्कळ जण पुन्हा गोळ्यांवर जातात. काही जणांना मात्र इन्सुलिनची गरज आधीपासूनच होती आणि ती इथे उघडी पडते. आपला पेशंट कुठल्या गटात, हे समजायला एचबीएवनसी तपासणी उपयोगी पडते, ती गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते. पेशंटला रक्त चढवणार असतील तर ही तपासणी त्याआधी करून घ्यायला सांगा. बाहेरचं रक्त मिसळल्यावर किंवा पंडुरोग असताना हा आकडा भरवशाचा राहत नाही.

सिस्टर दर वेळी शुगर बघतात आणि तेवढ्यापुरतं इन्सुलिन देतात. एवढं पुरतं का?

या पद्धतीला स्लायडिंग स्केल म्हणतात. दीडशेच्या वर असेल तर इतके युनिट, दोनशेच्या वर असेल तर तितके, असा तक्ता केसपेपरला लावलेला असतो. सोपी आहे म्हणून ती वर्षानुवर्षं चालू राहिली. तिची अडचण अशी की शुगर चढल्यावर तिच्या मागे धावायचं. पाणी डोक्यावरून गेल्यावर बांध घालण्यातला हा प्रकार. मग रात्री ३००, पहाटे ६५ अशी झोके खाणारी शुगर दिसते.

दुसरी पद्धत म्हणजे दिवसभर पुरणारं बैठकीचं (बेसल) इन्सुलिन एकदा आणि जेवणाआधी छोटे डोस. पेशंट जेवला नाही तर जेवणाचा डोस गाळायचा, बैठकीचं चालू ठेवायचं. २००७ साली अमेरिकेत १३० पेशंटवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. बैठकीच्या पद्धतीत ६६ टक्के पेशंटची शुगर १४० च्या आत आली, नुसत्या स्लायडिंग स्केलवर ३८ टक्क्यांची. एखाद्या रात्रीपुरता तक्ता ठीक आहे. तीन दिवस झाले, शुगर वर-खाली होतेय आणि उपचार तोच चाललाय, तर विचारा, "बैठकीचं इन्सुलिन सुरू करायचं का?" हा प्रश्न डॉक्टरांना नेमका कळतो.

घरी उपाशीपोटी ११० असायची. इथे १७० आहे तरी डॉक्टर म्हणतात चालेल. हे कसं?

कारण रुग्णालयात फार घट्ट आवळलेली शुगर धोकादायक ठरते. २००९ मध्ये आयसीयूतल्या सहा हजारांहून अधिक पेशंटवर झालेला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाची शुगर ८१ ते १०८ मध्ये ठेवायची आणि दुसऱ्याची १८० च्या आत, असं ठरलं होतं. घट्ट ठेवलेल्या गटात शुगर लो होण्याचे प्रसंग तर वाढलेच, मृत्यूही जास्त झाले. तेव्हापासून गंभीर पेशंटमध्ये साधारण १४० ते १८० हा पट्टा धरतात. वॉर्डातल्या स्थिर पेशंटला थोडी खाली चालते, फार वयस्कर किंवा खूप थकलेल्याला थोडी वर.

शुगर लो झाली हे ओळखायचं कसं आणि तेव्हा करायचं काय?

माझ्या मामांची गोष्ट सांगते. त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन सकाळी आठला होतं. रुग्णालयाचं नाव इथे महत्त्वाचं नाही. आधीच्या केसला वेळ लागला आणि मामांचा नंबर पुढे ढकलत ढकलत दुपारचा दीड वाजला. पहाटेची शुगरची गोळी त्यांनी नेहमीसारखी घेतली होती, घेऊ नका असं कुणी सांगितलंच नव्हतं. मी पोचले तेव्हा ते पलंगावर बसून हिरव्या गाऊनची नाडी बांधत होते, सोडत होते, पुन्हा बांधत होते. पाठीवर घामाचा मोठा डाग. मी हाक मारली तर मला माझ्या आईच्या नावाने म्हणाले, "आलीस का?" शेजारच्या पेशंटच्या बायकोला वाटलं, घाबरलेत ऑपरेशनला. सिस्टरने मीटर लावला, ४८. लगेच शिरेतून ग्लुकोज दिलं आणि काही मिनिटांत मामा नीट बोलायला लागले. नाडी का बांधत होतो, ते त्यांना आजही आठवत नाही.

म्हणून लक्षणं पाठ करा. दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, एकदम भूक, चिडचिड, असंबद्ध बोलणं, गुंगी. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर धडधड आणि थरथर जाणवत नाही, पण घाम येतो. म्हाताऱ्या माणसात कधी नुसतं "आज गप्प गप्प आहेत" एवढंच दिसतं.

७० च्या खाली म्हणजे लो, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. संशय आला की आधी बेल वाजवा. पेशंट शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर सिस्टरना विचारून १५ ग्रॅम साखर द्यायची, म्हणजे साधारण तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात. १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून कमी असेल तर पुन्हा द्यायचं. वर आली की थोडं खायला द्यायचं. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पेशंट बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. अजून एक बारकावा पुष्कळांना ठाऊक नसतो. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल तर साधी साखर पोटात फुटायला वेळ लागतो, तिथे ग्लुकोजच हवं.

घरचा डबा चालेल का? आणि भेटायला येणारे फळं आणतात त्यांचं काय?

डबा बऱ्याच ठिकाणी चालतो, पण आहारतज्ज्ञांना विचारून. घरची मुगाची खिचडी, ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी पाहून आजारी माणूस दोन घास जास्त खातो, हे मला मान्य आहे. डब्याची वेळ मात्र सांभाळा. साधं जलद इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास आणि नव्या प्रकारचं पंधरा मिनिटं आधी किंवा ताट समोर आल्यावर देतात. सिस्टरनी इन्सुलिन दिलं आणि डबा कर्वे रस्त्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकला, तर शुगर खाली जाणारच. नियम साधा ठेवा: डबा हातात आल्याशिवाय सिस्टरना जेवणाचं इन्सुलिन देऊ देऊ नका. अर्धंच जेवण गेलं किंवा उलटी झाली तर तेही सांगा.

सीझनला सासवडची अंजिरं, सीताफळं येतात, प्रेमाने आणलेली असतात. एखादं चालेल का ते विचारा, पिशवी उशाशी ठेवू नका. नारळपाण्यातही साखर असते आणि मूत्रपिंडाच्या पेशंटला त्यातलं पोटॅशियम बाधतं.

फळांवरून आठवलं. एका आजोबांची शुगर सकाळी ३१२ आली. आदल्या रात्री १६० होती, म्हणून सगळे चकित. चादरीवर संत्र्याची सालं पडलेली दिसली, आजोबांनी नुकतंच संत्रं सोललं होतं. साबणाने हात धुऊन, कोरडे करून पुन्हा तपासलं तर १६८. बोटाला लागलेला फळाचा रस मीटरला रक्तातली साखरच वाटतो. तपासणीआधी हात पाण्याने धुवा. त्या खोट्या ३१२ वर इन्सुलिन दिलं गेलं असतं, तर पुढच्या दोन तासांत काय झालं असतं याचा मी आजही विचार करते.

ऑपरेशन ठरलंय. शुगरच्या दृष्टीने काय बघायचं?

घाईचं ऑपरेशन नसेल तर आधी एचबीएवनसी बघतात, साधारण ८ च्या आत असावं अशी अपेक्षा असते. मधुमेही पेशंटचा नंबर शक्यतो सकाळचा पहिला लावावा, म्हणजे उपाशी राहण्याचा वेळ कमी होतो. मामांच्या वेळी हे झालं नाही. तुम्ही आधीच विनंती करा आणि नंबर पुढे गेला तर दर एक-दोन तासांनी शुगर तपासायला सांगा.

आता गोळ्या. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन या लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या ऑपरेशनआधी किमान तीन दिवस बंद कराव्या लागतात. डापाग्लिफ्लोझिन २०२० पासून आपल्याकडे स्वस्तात मिळू लागलं आणि आता ते हृदयासाठी, मूत्रपिंडासाठीही देतात, त्यामुळे पुष्कळ पेशंटना आपण "शुगरची गोळी" घेतो हेच ठाऊक नसतं. उपाशी असताना ही गोळी चालू राहिली तर रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साचून आम्लता वाढू शकते, आणि फसवी बाजू ही की शुगर दोनशेच्या आतही असू शकते. मळमळ, पोटदुखी, धाप, आणि मीटर म्हणतो सगळं ठीक. अशा वेळी "कीटोन तपासा" हे दोन शब्द म्हणा. वजन आणि शुगर कमी करणारी आठवड्याची इंजेक्शनं घेत असाल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यांनी जठर उशिरा रिकामं होतं.

स्टेरॉइड सुरू केल्यावर शुगर ४०० झाली. स्टेरॉइड बंद करायला सांगू का?

नका सांगू. दमा, सांधे, मूत्रपिंड, जे कारण असेल त्यासाठी ते गरजेचं असतं. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनने दुपारी आणि संध्याकाळी शुगर चढते, पहाटे ती बरी दिसू शकते. फक्त उपाशीपोटी तपासत असतील तर दुपारी जेवणानंतर आणि रात्रीही तपासायला सांगा. स्टेरॉइडचा डोस उतरू लागला की इन्सुलिनही उतरवावं लागतं. नेमकं हेच डिस्चार्जनंतर राहून जातं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी शुगर लो होते. २०२१ च्या करोना लाटेत स्टेरॉइड आणि चढलेली शुगर एकत्र आल्यावर काळ्या बुरशीने किती डोळे, किती जबडे नेले, ते आम्ही वॉर्डातल्या माणसांनी पाहिलंय.

मुलीला टाइप १ आहे. उलट्या होतायत, काही खात नाही, म्हणून इन्सुलिन बंद ठेवलं तर?

नाही. कधीच नाही. टाइप १ मध्ये शरीर स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं, त्याआधी अशी मुलं जगतच नसत. उपाशी असली तरी बैठकीचं इन्सुलिन लागतंच, डोस किती तो डॉक्टर ठरवतील. नाहीतर काही तासांत कीटोन वाढतात. केसपेपरवर "टाइप १" असं मोठ्या अक्षरात लिहून घ्या. इन्सुलिनचा पंप किंवा दंडावर शुगर मोजणारा सेन्सर असेल तर एमआरआय, सीटीआधी सांगा.

आयसीयूतून वॉर्डात आणलं आणि शुगर एकदम भडकली. असं का?

आयसीयूत इन्सुलिन बहुतेकदा शिरेतून, सिरिंज पंपाने चालू असतं. ते बंद केल्यावर काही मिनिटांतच त्याचा अंमल संपतो. म्हणून पंप काढण्याच्या साधारण दोन तास आधी कातडीखालचं बैठकीचं इन्सुलिन द्यायला हवं. बदलीच्या गडबडीत ते सुटतं. "पंप किती वाजता काढणार आणि टोचायचं इन्सुलिन किती वाजता देणार?" हे विचारून ठेवा. नाकातल्या नळीने फीड चालू असेल तर उलटा धोका असतो: नळी निघाली, फीड थांबलं, इन्सुलिन मात्र शरीरात आहे. अशा वेळी लगेच सिस्टरना सांगा.

वडील अंगाने काटकुळे आहेत. त्यांना कसा मधुमेह असेल? रुग्णालयाचीच काहीतरी चूक झाली असेल.

याचं उत्तर पुण्यातच सापडतं. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपण बारीक दिसतो आणि आत चरबी बाळगतो. त्यामुळे बारीक माणसाला मधुमेह असेल असं वाटत नाही आणि त्याची शुगर बघायची राहून जाते. ॲडमिट झाल्यावर पहिल्यांदाच शुगर जास्त आली तर ती आजाराच्या ताणाने तात्पुरती चढलीय की आधीपासूनच होती, हे एचबीएवनसीवरून बऱ्यापैकी कळतं. ६.५ किंवा जास्त असेल तर मधुमेह आधीचाच धरतात.

पायाला काही झालेलं नाही. तरी तुम्ही मोजे काढायला का लावता?

टाचा बघायला. संवेदना कमी झालेल्या पायाची टाच आठवडाभर गादीवर घासली की आधी लाल होते, मग काळी, आणि पेशंटला दुखतही नाही. ॲडमिट झाल्यावर २४ तासांत दोन्ही पाय बघून व्हायला हवेत, बोटांच्या बेचक्यांसकट. नायलॉनचा एक बारीक तंतू टेकवून संवेदना तपासतात, मिनिटभराचं काम आहे. पालख्या पुण्यातून पुढे गेल्या की वारीत अनवाणी चाललेले पेशंट तळव्याला मोठे फोड घेऊन येतात आणि "कधी झालं कळलंच नाही" म्हणतात. ते खरंच कळलेलं नसतं.

बायको गरोदर आहे, बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन दिलं आणि शुगर वाढली.

तेही स्टेरॉइडच आहे. काही दिवस शुगर चढणार, त्यासाठी इन्सुलिन वाढवतात. ते इंजेक्शन टाळू नका.

आम्ही छोट्या नर्सिंग होममध्ये आहोत. इथे अशी टीम नाही.

पुण्यातल्या गल्लोगल्लीच्या नर्सिंग होममध्ये हजारो लोक बरे होऊन घरी जातात, घाबरू नका. तुमचे नेहमीचे मधुमेहाचे डॉक्टर आणि इथले डॉक्टर यांचं फोनवर बोलणं घडवून आणा. शुगरचा तक्ता रोज संध्याकाळी मोबाइलवर फोटो काढून त्यांना दाखवा. रात्री कोण डॉक्टर असतात आणि वॉर्डात २५ टक्के ग्लुकोजची इंजेक्शनं आहेत का, एवढं विचारून घ्या. टाइप १, कीटोन वाढलेले किंवा पाय काळा पडलेला असेल, तर मोठ्या रुग्णालयात हलवण्याबद्दल त्याच दिवशी बोला.

याचा खर्च वेगळा लागतो का?

खासगी रुग्णालयात रेफरन्सला आलेल्या डॉक्टरांची फी बिलात लागते, विम्यात बसते का ते रुग्णालयातल्या टीपीए डेस्कला, म्हणजे विम्याचं काम बघणाऱ्या काउंटरला विचारा. ससून किंवा पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय इथे सरकारी आणि महापालिकेच्या दरांत उपचार होतात. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. पुण्यातली अनेक मोठी रुग्णालयं धर्मादाय आहेत. तिथल्या समाजसेवा विभागात रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन जा, आणि हे ॲडमिट होतानाच करा, बिल झाल्यावर अवघड जातं.

उद्या डिस्चार्ज आहे. काय विचारून निघायचं?

डिस्चार्ज कार्ड हातात आलं की घरची जुनी औषधं शेजारी ठेवून ओळीओळीने विचारा: ही चालू, ही बंद, ही कधीपर्यंत बंद? एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी दुप्पट घेणारे पेशंट मला दर महिन्याला भेटतात.

इन्सुलिन नवीन असेल तर निघायच्या आदल्या दिवशी आमच्यासमोर स्वतः टोचून दाखवा. दुपारी चारला, बाहेर रिक्षा उभी असताना शिकलेलं घरी आठवत नाही. पोटावर रोज जागा बदलायची, एकाच ठिकाणी टोचलं की गाठ होते आणि तिथलं इन्सुलिन नीट लागत नाही. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये, पण फ्रीझरमध्ये नाही. वापरातलं घरात सावलीला साधारण चार आठवडे टिकतं. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा फ्रिज नसेल तर पाण्याने ओल्या ठेवलेल्या माठात, डबीत घालून ठेवा. गाडीच्या डिकीत कधीच नको.

शेवटचं, कार्डावर तीन गोष्टी लिहून घ्या. शुगर किती वाजता तपासायची. किती आली तर फोन करायचा, वरचा आकडा आणि खालचा आकडा दोन्ही. आणि तो फोन कुणाला. मामांच्या दुसऱ्या ऑपरेशनला मी हे त्यांच्या कार्डाच्या मागच्या बाजूला स्केच पेनने मोठ्या अक्षरात लिहून घेतलं होतं. ते कार्ड मामींनी देव्हाऱ्याशेजारी, कॅलेंडरच्या खिळ्याला लावून ठेवलंय.